आमची वाटचाल : दोरी, फ्लेक्स आणि वक्री शनी

अण्णांनी 1974 साली औरंगाबादला गुलमंडीच्या मागच्या बोळात पाट्या रंगवायचं दुकान टाकलं, तेव्हा भांडवल म्हणजे सहा ब्रश, टर्पेंटाइनचा डबा आणि एक शिडी. शिडीही मामाची. दुकानावर पाटी नव्हती. "गावभर आपल्याच लागल्यात की, इथं कशाला?" असं म्हणायचे. आजही आमच्या दुकानावर पाटी नाही. आता तो आळस आहे, तेव्हा रुबाब होता.

हे शहर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. कारभाराची भाषा उर्दू. त्यामुळं माझ्या लहानपणीसुद्धा जुन्या पेठेतल्या पाट्या तीन भाषांत असायच्या. मराठी-इंग्रजी अण्णा लिहायचे, उर्दूसाठी शहागंजातून कातिब, म्हणजे उर्दू अक्षरं रेखणारे, चाचा यायचे. पत्रा भिंतीला टेकवून अण्णा डावीकडून सुरू व्हायचे, चाचा उजवीकडून, आणि मधे कुठंतरी दोघांची कोपरं एकमेकांना लागायची. मग चहा.

आधी नीळ लावलेली दोरी दोन टोकांना ताणून टिचकी मारायची. पत्र्यावर निळी रेघ उमटली की ती शिरोरेषा. अक्षर त्या रेषेला लटकतं, रेषा चुकली की सगळी पाटी लंगडी. अण्णांचे आणखी काही कायदे होते. कापड दुकानाचा 'क' पोटाला भरदार हवा, वकिलाचा सडसडीत. सराफाची अक्षरं काचेवर मागून उलटी लिहायची, म्हणजे पुढून सोनेरी झळकतात. हिमरू शालींच्या एका दुकानाची पाटी मला अजून दिसते. तिच्या चारी कडांना अण्णांनी हिमरूचाच बुट्टा काढला होता, मालकानं शाल आणून समोर धरली होती म्हणून. पैठण गेटपासून सिटी चौकापर्यंत चालत गेलं तर वाचता न येणाऱ्यालाही कुठलं दुकान कशाचं ते कळायचं.

1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि गावात पगार खुळखुळायला लागला. आमचंही काम वाढलं. मी 1993 साली दुकानात बसायला लागलो, तोवर फुकटच्या पाट्यांचं युग आलं होतं. शीतपेयांच्या, पुढं मोबाइलच्या कंपन्या दुकानदाराला पाटी फुकट द्यायच्या. वर कंपनीचं नाव दोन फूट, खाली दुकानाचं चार इंच. फुकट मिळतंय तर अण्णांना पैसे कोण देणार? आणि खरं सांगायचं तर त्या पाट्या रंगवायचं कंत्राट मीच धावतपळत घेतलं. एका महिन्यात एकाच रंगाच्या चाळीस पाट्या. हिशोब चांगला बसला. अण्णा एकदाच म्हणाले, "सगळ्या गावाला एकच सदरा शिवलास." मी हसलो होतो.

2001 ला व्हिनाइल कापायचा प्लॉटर आला, 2007 ला कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन. चौरस फुटाचा भाव आणि आयलेट, म्हणजे फ्लेक्स बांधायच्या भोकांच्या कड्या, मोजायचं काम, बस. उर्दूसाठी इनपेज नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. चाचा सुरुवातीला प्रूफ बघायला यायचे, दहा-वीस रुपये घ्यायचे, मग येईनासे झाले. त्यांना आम्ही काढलं नाही. बोलावलंही नाही. वाटचाल लिहायला बसल्यावर बायको म्हणाली, हे कशाला लिहिता? लिहितोय.

मग 2010 साली चिकलठाण्याला प्रोझोन मॉल झाला. मोठ्या ब्रँडांची पाटी म्हणजे एक पुस्तकच असतं. रंगाचा नंबर, अक्षराची जाडी मिलिमीटरात, बाजूला किती जागा मोकळी सोडायची तेही ठरलेलं. अक्षरं बाहेरून तयार होऊन येणार, आम्ही भोकं पाडून लावायची. दुबईला, पुण्याला, इथं तीच पाटी. बरं, ते बघून जुन्या पेठेतल्या दुकानदारांनाही तसंच हवं झालं. हिमरूवाल्याच्या मुलानं बुट्ट्याची पाटी उतरवून काळ्या एसीपीवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पॅनेलवर, पांढरी एलईडी अक्षरं लावली. लावली म्हणजे, आम्हीच.

लोक म्हणतात, जागतिकीकरणानं गाव बिघडवलं. मला ते पुरतं पटत नाही. बाहेरून येणं या गावाला नवं आहे का? 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच गाव, वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. हिमरूचे कारागीर तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली तेव्हा आले असं विणकर सांगतात. पण आलेला माणूस इथं राहायचा, इथलं पाणी प्यायचा, त्याचं कापड इथं आल्यावर बदलायचं. ब्रँडचं पुस्तक राहायला येत नाही. त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडं करायला मुभा नाही.

याचा मासला 2022 ला मिळाला. लहान-मोठ्या सगळ्या दुकानांवर मराठी पाटी, आणि मराठी अक्षर इतर भाषेपेक्षा लहान नको, असा कायदा झाला. आम्हाला सुगी. एका कंपनीच्या मुख्य कार्यालयातून नऊ दुकानांसाठी फाइल आली, सोबत ताकीद : काहीही बदलू नये. फाइलमध्ये 'विक्री व सेवा केंद्र' मधली पहिली वेलांटीच उडालेली. मी फोन केला, मेल केला. उत्तर तेच, फाइल मंजूर आहे, तशीच छापा. छापली. नऊ चौकांत 'वक्री व सेवा केंद्र' उजळलं. अण्णांनी चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, "शनीचीच शाखा दिसतेय." पुढं कंपनीनं पाट्या उतरवल्या आणि बिल अडवलं. चूक म्हणे छापणाऱ्याची. निम्मे पैसे अजून यायचेत.

2023 ला शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं तेव्हा पत्ते बदलायचं काम वर्षभर पुरलं. त्यावर जास्त लिहीत नाही. घाईत पुष्कळांनी जुन्या नावावर नुसती व्हिनाइलची पट्टी चिकटवली, तीन उन्हाळ्यांत ती सोलून निघेल हे आम्ही सांगितलं होतं.

हल्ली उलटी गंमत सुरू आहे. उस्मानपुऱ्यातल्या एका कॅफेवाल्या पोरानं हातानं रंगवलेली पाटी मागितली. "काका, जुन्या शहराचा फील पाहिजे, थोडा गंजही दाखवा." राजाबाजारातल्या पाडलेल्या वाड्याची कोरीव तुळई त्यानं आत छताला टांगलीय. नव्या पत्र्यावर मी स्पंजानं गंज रंगवला. फ्लेक्सच्या वीसपट पैसे मिळाले, तक्रार नाही. गंज खोटा असला तरी ब्रश खरा होता, एवढं मनाशी म्हटलं. अशी महिन्याला दोन-तीन कामं येतात. त्यासाठी एका पोराला हात शिकवतोय.

अण्णांच्या हातची पाटी आता शहागंजात एका धान्याच्या दुकानावर उरलीय. जपून ठेवलीय असं नाही. मालक कंजूष आहे, नवी करायला पैसे नको म्हणतो. गेल्या महिन्यात त्यानं डागडुजीला बोलावलं. अण्णांचा हात थरथरतो, म्हणून ते खाली खुर्चीवर बसले आणि मी शिडीवर. नीळ लावली, दोरी ताणली, टिचकी मारली. अण्णा बराच वेळ बघत राहिले.

"उजवीकडं दोन सूत खाली गेलीय."

टेप लावून पाहिलं. गेलीच होती.