टीकाकाराच्या हातातले स्कोअरकार्ड

काही वर्षांपूर्वी, सप्टेंबरातल्या एका बेसबॉल सामन्यात माझा आवडता संघ एका धावेने हरला, आणि शेवटचा बॅटर बाद झाल्यावर माझ्या लक्षात आले की नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये पिचर (चेंडू टाकणारा) बदलण्याचा मॅनेजरचा निर्णय सोडला, तर त्या तीन तासांतले मला काहीच आठवत नव्हते. त्या एका निर्णयावर मी तासभर बोलू शकले असते. समोर डावखुरा बॅटर असताना कोणाला आणायला हवे होते, बुलपेनमध्ये (बदली पिचर तयार होतात त्या जागेत) कोण तयार होते, आदल्या दोन दिवसांत कोणाचा हात दमला होता, हे सगळे मला तोंडपाठ होते. पण पहिल्या सात इनिंगमधला एकही झेल, एकही फटका डोळ्यांसमोर उभा राहीना. माझे मत बहुधा बरोबरच होते; सामना मात्र माझ्या हातून निसटला होता.

टीका सोडून द्यावी असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. बेसबॉल हा मुळातच हिशेब मांडून पाहण्याचा खेळ आहे, आणि ज्याला हिशेब कळतो त्याला चुका दिसणारच. अडचण अशी की या खेळात अपयशाचा साठा कधी संपत नाही. मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा, नियमित हंगाम प्रत्येक संघासाठी 162 सामन्यांचा असतो. 2001 साली सिअ‍ॅटल मॅरिनर्सने त्यांतले 116 जिंकले, म्हणजे सर्वाधिक विजयांच्या विक्रमाशी बरोबरी केली, आणि तरीही त्यांच्या चाहत्यांनी 46 पराभव पाहिले. टेड विल्यम्सने 1941 मध्ये .406 ची सरासरी राखली. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल या मेजर लीगच्या दोन विभागांत पूर्ण हंगामात .400 गाठणे कोणालाच जमलेले नाही. त्या अजोड हंगामातही दर दहा संधींपैकी जवळजवळ सहा वेळा त्याचा फटका फसला होता. जो चाहता केवळ चुका टिपायला बसतो त्याची वही रोज भरेल, आणि त्या वहीतला शब्दन् शब्द खरा असूनही खेळ तिच्या बाहेरच राहील.

त्या सामन्यानंतर मी हाताने स्कोअरकार्ड लिहायला लागले. या लिखाणाची पद्धत जुनी आहे. मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक अंक असतो: पिचर 1, कॅचर 2, फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा, म्हणजे धावपटूच्या पहिल्या टप्प्यावरचा, खेळाडू) 3, असे करत उजव्या कोपऱ्यातल्या आउटफिल्डरपर्यंत 9. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला खेळाडू, 6) चेंडू उचलून सेकंड बेसमनकडे (4) दिला आणि त्याने तो पहिल्या बेसकडे फेकून दोघांना बाद केले, तर 6-4-3 एवढेच लिहायचे. स्ट्राइकआउटसाठी, म्हणजे चेंडू तीनदा हुकल्याने बॅटर बाद होण्यासाठी, इंग्रजी के. बॅट न फिरवताच बॅटर बाद झाला तर तोच के उलटा. स्वतःसाठी मी एक नियम घातला की शेवटचा बॅटर बाद होईपर्यंत फक्त नोंद करायची, आणि मत त्यानंतर द्यायचे. सुरुवातीला हे फार जड गेले, कारण बदलीचा पिचर मैदानाकडे चालू लागला की मन आपोआप निकाल द्यायला धावते. पण नोंद अचूक व्हायची तर चेंडू कोणाकडे गेला हे पाहावेच लागते, आणि पाहता पाहता शॉर्टस्टॉपचा पाय, त्याच्या हाताची दिशा, चेंडू सोडण्याआधी त्याने घेतलेली किंवा न घेतलेली उसंत, हे सगळे पुन्हा दिसू लागले.

2 जून 2010 चा डेट्रॉइटमधला सामना मला यासाठीच पुन्हा पुन्हा आठवतो. डेट्रॉइट टायगर्सचा पिचर अर्मांडो गॅलारागा याने क्लीव्हलँडचे 26 बॅटर सलग बाद केले होते आणि इतिहासातला एकविसावा परफेक्ट गेम, म्हणजे एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देता सत्तावीसही जणांना बाद करण्याचा पराक्रम, एका बॅटरवर येऊन थांबला होता. सत्ताविसाव्याचा चेंडू मिगेल कॅब्रेराने अडवून पहिल्या बेसवर धावत आलेल्या गॅलारागाकडे फेकला, बॅटर स्पष्ट बाद होता, आणि पंच जिम जॉइस यांनी त्याला सुरक्षित ठरवले. तो निर्णय चुकीचा होता. तो बदलण्यास लीगच्या कमिशनरांनी दिलेला नकारही माझ्या मते चुकीचाच होता, आणि 2014 पासून चित्रफीत पाहून असे निर्णय तपासण्याची जी व्यापक सोय झाली ती योग्य झाली. इतकी टीका मी आजही ठामपणे करेन. पण त्याच नवव्या इनिंगच्या सुरुवातीला टायगर्सच्याच ऑस्टिन जॅक्सनने मैदानाच्या खोल भागात, पाठमोरा धावत, खांद्यावरून येणारा चेंडू झेलला होता, आणि त्या झेलाबद्दल फार कमी बोलले जाते. निर्णय ऐकून गॅलारागा नुसता हसला. जॉइस यांनी चित्रफीत पाहिल्यावर चूक कबूल करून त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी घेऊन गॅलारागाच त्यांच्याकडे गेला तेव्हा जॉइस डोळे पुसत होते. नुसत्या संतापात राहिले असते तर यांतले मला काय दिसले असते?

माझी काही मते चुकीची ठरली, याचाही मला आनंद आहे. 2023 मध्ये पिचरवर वेळेचे बंधन आले, बेस रिकामे असताना 15 सेकंद आणि धावपटू असताना 20, तेव्हा घड्याळ नसलेला हा खेळ बिघडणार असे मी ठासून सांगितले होते. तीन तासांहून थोडी अधिक असलेली सामन्याची सरासरी लांबी त्या वर्षी सुमारे दोन तास चाळीस मिनिटांवर आली, आणि जे गेले ते बहुतांश हातमोजे सारखे करण्यात आणि पिचरने माउंडभोवती, म्हणजे चेंडू टाकण्याच्या उंचवट्याभोवती, फिरण्यात जाणारे क्षण होते. माझा विरोध मी मागे घेतला. जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर आयता धावपटू उभा करण्याला असलेला विरोध मात्र कायम आहे, कारण बेस कमावावा लागतो यावर या खेळाची सगळी उभारणी आहे.

अर्थात, काही गोष्टींपुढे आनंदाची भाषा करणे मला अन्यायाचे वाटते. ओकलंडचा संघ 2024 च्या हंगामानंतर शहर सोडून गेला, आणि तिथल्या चाहत्यांना कोणी ‘खेळाची मजा घ्या’ असे सांगू नये. पण टीका आणि आनंद एकाच खुर्चीत कसे बसतात हे मला त्यांनीच शिकवले. 13 जून 2023 च्या रात्री, जवळजवळ रिकाम्या राहणाऱ्या त्या स्टेडियममध्ये, 27,759 लोक मुद्दाम आले. मालकाने संघ विकावा एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती त्यांच्या हिरव्या शर्टांवर लिहिलेली होती. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला ते ठरवून गप्प राहिले आणि मग एका सुरात ‘संघ विका’ असे ओरडले. ओकलंडने तो सामना 2-1 असा जिंकला. हंगामातल्या सर्वांत दुबळ्या संघांपैकी एकाचा तो सलग सातवा विजय होता, आणि मालकाविरुद्ध घोषणा देणारे तेच गळे शेवटच्या बॅटरला बाद होताना पाहून जल्लोष करत होते.

लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाच्या खर्चाबद्दल माझे आक्षेप अनेकांना ठाऊक आहेत. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या त्यांच्या शोहेई ओहतानीच्या दहा वर्षांच्या 70 कोटी डॉलरच्या करारातले 68 कोटी नंतर द्यायचे, ही मांडणी मला इतर संघांच्या दृष्टीने आजही खटकते. 17 ऑक्टोबर 2025 च्या मिलवॉकीविरुद्धच्या सामन्यात मात्र मी नियमाप्रमाणे वही उघडून बसले. ओहतानीने पहिल्या बॅटरला वॉक दिला, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंमुळे त्याला पहिला बेस फुकट मिळाला, पुढच्या तिघांना स्ट्राइकआउट केले, आणि मग बॅट घेऊन स्वतःच पहिला उभा राहून चेंडू कुंपणापलीकडे धाडला. चौथ्या इनिंगमधला दुसरा होमरन उजवीकडच्या प्रेक्षागाराच्या छपरावरून गेला, आणि सातव्यात तिसरा आला. पिचर म्हणून त्याने सहा पूर्ण इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही आणि दहा जणांना स्ट्राइकआउट केले. एरवी माझ्या पानावर पिचरचे नाव खाली आणि बॅटरचे वर असते, आणि दोन्हीकडे एकच नाव लिहिण्याची वेळ सहसा येत नाही. त्या रात्री ती आली, आणि शेवटचा बॅटर बाद झाल्यावर कराराबद्दलचे मत लिहिण्यासाठी राखलेली समासातली जागा मी कोरीच ठेवली.