मोटरहोमच्या टॉयलेटची गळती: आधी वेळ बघा, मग पाना उचला

खडबडीत रस्ता कापून गाडी मुक्कामाला लागली आणि टॉयलेटच्या बुडाशी पाणी दिसलं. अशा वेळी संशय सगळ्यात आधी खालच्या सीलवर जातो. या प्रवासात सील ठणठणीत होतं. पाणी मागच्या, फ्लशचं पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून निथळून खाली साचत होतं. टॉयलेट उचकटायच्या आधी तासभर नुसतं बघण्यात घालवा.

गाडी समतल उभी करा, नाहीतर पाणी उताराकडे पळतं आणि डबकं भलतीकडेच दिसतं. फरशी कोरडी पुसा, बुडाभोवती आणि मागच्या नळीखाली टिश्यू पेपर ठेवा. पंप चालू करा, पण अर्धा तास फ्लश करू नका. नळीखालचा कागद भिजला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा त्याच्या जोडाचा. रात्री कोणी नळ उघडला नसताना पंप मध्येच गुरगुरत असेल, तर तीही याच दाबाच्या बाजूच्या गळतीची खूण (जागा मात्र दुसरीही असू शकते). पंप बंद करून, नळ उघडून दाब सोडा आणि जोड खोला. आतला वॉशर बदला, नट हाताने बसवून वर फार तर पाव फेरा द्या. आटे प्लास्टिकचे असतात. इथे पाणी वॉशर अडवतो, त्यामुळे आट्यांवर टेप गुंडाळून उपयोग नाही. थंडीत आत पाणी गोठून व्हॉल्व्हला तडा गेला असेल तर तो बदलायचाच, डिंक-लांबी टिकत नाही.

फक्त फ्लश करताना मागून ठिबकत असेल तर व्हॅक्यूम ब्रेकर बघा. भांड्यातलं पाणी स्वच्छ पाण्याच्या नळीत ओढलं जाऊ नये म्हणून तो हवा आत घेतो. सिलिकॉन लावून त्याचं तोंड बुजवू नका, नवा बसवा.

आता भांड्यात खाण्याचा रंग टाकून फ्लश करा. बुडाशी रंगीत पाणी आलं तरच खालच्या, फ्लँजच्या (टॉयलेट जिच्यावर बसतं त्या फरशीवरच्या कड्याच्या) सीलला हात घाला. मैल्याची टाकी रिकामी करून धुवा, पाण्याची नळी सोडवा, ग्लोव्हज घाला. बुडाचे दोन नट काढून टॉयलेट सरळ वर उचला. जुनं सील खरवडून फ्लँजला तडा आहे का, त्याचे स्क्रू सैल आहेत का ते तपासा. नाहीतर नवं सीलही गळेल. सील त्याच मॉडेलचं, रबरी घ्या. घरात वापरतात ती मेणाची रिंग हादऱ्यांनी आणि उन्हाने दबून चपटी होते. नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा आणि टॉयलेट डुगडुगायचं थांबलं की थांबा. बुडाभोवती सिलिकॉन फिरवायचा मोह टाळा: पुढची गळती आतच जिरते आणि प्लायवूड कुजतं. फरशी बोटाने दाबून मऊ लागली तर पूर्ण वाळल्याशिवाय काही बसवू नका.

फरशी कोरडी आहे, पण भांड्यात पाणी ठरत नाही आणि वास येतो? मग बहुधा भांड्याच्या तळाच्या झडपेच्या सीलमध्ये कागद किंवा क्षार अडकलाय. जुन्या टूथब्रशने खाच घासा, सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं. कॅसेट टॉयलेटमध्ये (ज्याची मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करतात) हेच सील गाडी चालताना गळतं, विशेषतः टाकी काठोकाठ भरलेली असेल तर. निघण्याआधी ती रिकामी करा.

सोबत दोन वॉशर, एक फ्लँज सील, सिलिकॉन ग्रीस आणि लहान पाना ठेवा. दुरुस्तीनंतर कागद तिथेच राहू द्या, आणि पुढच्या मुक्कामी आधी तो बघा.