खतातली टेनमेंट

गिरगावातल्या एका चाळीच्या पुनर्विकासासाठी टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या कागदपत्रांचा शोध, करत होतो. लोकांना वाटतं, नंबर टाकला की सगळं स्क्रीनवर येतं. जुन्या नोंदींसाठी सब-रजिस्ट्रारकडे इंडेक्स दोनची, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीची, पुस्तकंच उलटावी लागतात, आणि नेमकं हवं तेच पान फाटलेलं निघतं. अहवालात 'पाने फाटलेली' लिहायचं आणि पुढे जायचं. बिल्डरच्या वकिलांना तेवढं पुरतं.

इथे मात्र मालकाकडे इंग्रजी अमदानीतलं खरेदीखत शाबूत होतं. परिशिष्टात चतुःसीमा, लॉटन सर्व्हेचा (मुंबईच्या जुन्या मोजणीचा) नंबर आणि 'मेस्युएज, टेनमेंट ऑर ड्वेलिंग हाउस'. रहिवाशांच्या सभेत एका काकांनी त्याचीच झेरॉक्स पुढे केली. "वकीलसाहेब, टेनमेंट म्हणजे आमच्या खोल्याच ना? खतात आहेत, मग आमचा हक्क कसा नाही?"

म्हटलं, काका, खत झालं तेव्हा चाळ नव्हतीच, एक घर होतं. काही सुटू नये म्हणून इंग्रज वकील एकाच घराला तीन-तीन नावं द्यायचे. (आमची जमात ती ओळ अजून डोळे मिटून उतरवते. टॉवरच्या करारातही ती पाहिली आहे.)

'टेनमेंट'चं मूळ लॅटिन 'तेनेरे', म्हणजे धरणे. फ्रेंचमार्फत शब्द इंग्रजी कायद्यात आला आणि फुगला. जमीन, घर, खंड वसूल करायचा हक्क, एवढंच काय, चर्चवर पाद्री नेमायचा अधिकारही टेनमेंट! स्कॉटलंडमध्ये ती अनेक बिऱ्हाडांची अख्खी इमारत. न्यूयॉर्कच्या १८६७च्या कायद्यात तीनपेक्षा जास्त कुटुंबांचं भाड्याचं घर. आपल्याकडे बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, तर अहमदाबादेत चक्क स्वतंत्र बंगली. आपला १८८२चा सुविधाधिकार कायदा (शेजाऱ्याच्या जागेतून वाट, पाणी असे हक्क) लिहिणारे शहाणे. इंग्लंडमध्ये 'टेनमेंट' म्हणत तिथे त्यांनी 'हेरिटेज' घातलं.

काका ऐकून घेत म्हणाले, "धरणे म्हणालात ना? मग ही खोली आजोबांपासून आम्हीच धरून आहोत."

कायद्याचं उत्तर माझ्याकडे होतं: तुम्ही पागडीचे, म्हणजे एकरकमी पैसे देऊन खोली घेतलेले, भाडेकरू. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं पागडी घेणं-देणं कायदेशीर ठरवलं, मालकी दिली नाही. ते सांगितलंही. पण 'टेनंट'ही त्याच 'तेनेरे'तून आलाय, त्यामुळे काकांचं वाक्य अजून मला खोडता आलेलं नाही.

अहवालात लिहिलं: मालकी निर्वेध, भाडेकरूंच्या हक्कांच्या अधीन राहून. शेवटचे शब्द काढा, असा बिल्डरच्या वकिलाचा निरोप आलाय. मी काढलेले नाहीत.