मुलगी घरी येते तो प्रसंग

ऐकण्याचे पैसे मिळतात, हे आमच्या नातेवाइकांना अजून पटलेलं नाही. अंधेरीतल्या एका ऑडिओ कंपनीसाठी मी परदेशी नाटकं ऐकते आणि ती मराठीत करण्यासारखी आहेत का, यावर अहवाल लिहिते. फॉर्ममधला एक रकाना कायम छळतो: ‘मालिकेची पूर्वओळख लागते का?’ त्या गुरुवारी हाती होती ‘डॉक्टर हू’ची ऑडिओ मालिका. ही मूळची ब्रिटिश विज्ञानकथा मालिका टीव्हीवर १९६३ साली सुरू झाली, १९८९ला थांबली. मग १९९९पासून बिग फिनिश या ब्रिटिश कंपनीने जुन्याच नटांना घेऊन तिची श्रुतिनाट्यं काढली, आणि २०२१पर्यंत एकाच मालेत २७५ झाली. एवढ्यातून नवख्या माणसाला आत कुठून न्यायचं?

मी २००२ सालचं ‘स्पेअर पार्ट्स’ निवडलं, मार्क प्लॅटने लिहिलेलं. आणि जोडीला काकांना बोलावलं. काका चर्चगेटच्या आकाशवाणीत नभोनाट्यांना ध्वनिपरिणाम देत. विज्ञानकथा म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

सुरुवातीलाच त्यांनी विचारलं, “हा डॉक्टर कसला? औषधं देतो का?” म्हटलं, काळातून फिरतो, एवढं पुरे. खरंच तेवढं पुरलं. पृथ्वीचा जुळा ग्रह मोंडास सूर्यापासून लांब गेलाय, माणसं जमिनीखालच्या शहरात राहतात, शरीरं खंगत चालली आहेत, म्हणून एकेक अवयव बदलून यंत्राचा बसवायचा. सायबरमेन झाले ते असे. ही कल्पना मुळात किट पेडलर या वैद्यकीय संशोधकाची. त्याने जेरी डेव्हिसबरोबर हे जीव १९६६मध्ये टीव्हीवर आणले, म्हणजे माणसाचं हृदय माणसाला बसवण्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या वर्षभर आधी. काका म्हणाले, “म्हणजे राक्षस नाहीत, पेशंट आहेत.” हे वाक्य मी तसंच अहवालात उतरवलं.

सगळंच काही छान नव्हतं. राज्यकारभार करणाऱ्या समितीचे प्रसंग मला लांबले वाटले. इतके आवाज एकदम कानावर आदळतात की कोण कोणाला झापतंय ते कळत नाही. काकांची तक्रार वेगळी. त्यांच्या वेळी सगळे एकाच माइकभोवती उभे राहत आणि लांब जायचं तर खरोखर चार पावलं मागे सरकत. इथे नट वेगवेगळ्या बूथमध्ये बसतात हे कळल्यावर ते जरा घुश्श्यातच होते.

पण मग हार्टली कुटुंबाची मुलगी घरी परत येते. यंत्र करायला नेलेली, अर्धवट यंत्र झालेली. बाप तिला ओळखतो. काकांनी हात वर करून थांबवायला लावलं आणि तेवढाच तुकडा परत ऐकला. जुन्या सायबरमेनचा आवाज सपाट नसतो. चढतो, उतरतो, पण नको तिथे. “धमकावत नाहीये गं ती,” काका म्हणाले, “म्हणून तर पोटात गोळा येतो.”

खरी अडचण इथेच. आपल्याकडे यंत्र म्हटलं की नट डबा वाजवल्यासारखं एकसुरी बोलतो. शेजारच्या बूथमध्ये डबिंगला आलेली एक मुलगी रिकामी होती. मी तिला ‘बाबा, मी घरी आलेय’ वाचायला दिलं. तिने तोच डबा वाजवला. काकांनी पेन मागितलं आणि कागदावर ऱ्हस्व-दीर्घ उलटसुलट करून दिले: ‘बबा, मि घरि आलेऽय’. भावना अजिबात नको, फक्त लिहिलंय तसं वाच, म्हणाले. तिने वाचलं. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट, दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारा, वर बघायला लागला. मुलगी स्वतःच म्हणाली, “ई, परत नाही करणार मी हे.” अर्थात परत दोनदा करावं लागलं, लेव्हल कमी आली होती.

अहवालात मी ‘पूर्वओळख नको’वर खूण केली, समितीचे प्रसंग निम्मे करा असं सुचवलं आणि काकांचा तो कागद जोडून दिला. हक्कांचं, पैशांचं वरचे बघतील. तिथेच असल्या गोष्टी अडतात हा आजवरचा अनुभव. काकांना अख्खं नाटक पेन ड्राइव्हवर हवं होतं. नियमाने देता येत नाही. त्यामुळे पुढच्या गुरुवारी ते विरार लोकलच्या गर्दीतून पुन्हा येणार आहेत, उरलेला भाग ऐकायला.