माझा अनुभव : योजनेतला रुग्ण, प्रीऑथ ते क्लेम

अंगीकृत, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयाच्या योजना कक्षात मी प्रीऑथ (उपचाराची पूर्वपरवानगी) आणि क्लेम (उपचाराच्या पैशांची मागणी) यांचं काम करतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना एकत्र राबवल्या जातात. क्लेम अडकतो तेव्हा त्याचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या दिवसाच्या कागदांत सापडतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

रुग्ण आला की आधी आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडे नोंदणी. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नसेल तर ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, लगेच मंजूर होत नाही, तपासणीसाठी पुढे जाते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हे सतत होतं. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी येणार असाल तर आयुष्मान कार्ड आधीच काढून ठेवा. अत्यवस्थ रुग्णासाठी मात्र फोनवरून तातडीची परवानगी घेता येते, कागद मागाहून दिले तरी चालतात.

मग प्रीऑथ. डॉक्टर पॅकेज, म्हणजे योजनेच्या यादीतला ठरलेल्या दराचा उपचार, निवडतात, आम्ही त्याचे पुरावे अपलोड करतो. अँजिओप्लास्टी असेल तर ईसीजी, अँजिओग्राफीचा अहवाल आणि कुठल्या रक्तवाहिनीत किती अडथळा आहे हे दाखवणारी चित्रं लागतात. पलीकडे फाइल पीपीडी, म्हणजे प्रीऑथ तपासणारे डॉक्टर, पाहतात. त्यांना शंका आली की ‘क्वेरी’ येते. क्वेरी म्हणजे नकार नव्हे, हे नातेवाइकांना मी आवर्जून सांगतो. अहवाल अस्पष्ट स्कॅन झाला, त्यावर तारीख किंवा सही नाही, असलीच कारणं जास्त.

मंजुरी मिळताच पॅकेजची रक्कम कुटुंबाच्या वॉलेटमधून, म्हणजे योजनेतल्या वार्षिक मर्यादेतून, राखून ठेवली जाते. मर्यादा वर्षाला ५ लाख रुपये, आणि ती अख्ख्या कुटुंबाची मिळून. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. रुग्णाला मध्येच दुसरीकडे हलवलं आणि पहिल्या रुग्णालयाने प्रीऑथ रद्द केला नाही किंवा डिस्चार्ज नोंदवला नाही, तर नवीन ठिकाणी नोंदणी अडते. निघण्याआधी ते काम समोर उभं राहून करून घ्या.

शस्त्रक्रियेचं पॅकेज ठोक रकमेचं असतं, औषधोपचाराचं दिवसाच्या दराने. दुसऱ्या प्रकारात मंजूर दिवस संपत आले की वाढीव दिवसांची मागणी, म्हणजे एन्हान्समेंट, वेळेत टाकावी लागते. ती राहिली तर त्या दिवसांचे पैसे रुग्णालयाला मिळत नाहीत, आणि मग कुणीतरी ते रुग्णाकडे मागतं. ते देऊ नका. एकाच वेळी दोन-तीन शस्त्रक्रिया झाल्या तर आयुष्मानच्या नियमाने मोठ्या पॅकेजचे १०० टक्के, दुसऱ्याचे ५० आणि तिसऱ्याचे २५ टक्के धरतात.

डिस्चार्जनंतर क्लेम. आधी सीईएक्स, म्हणजे क्लेमचे कागद तपासणारा कर्मचारी, नाव, तारखा, फोटो, सह्या पडताळतो. मग सीपीडी, म्हणजे क्लेमचे डॉक्टर, उपचार खरोखर झाला का ते पाहतात. स्टेंटच्या बाबतीत खोक्यावरचं बारकोडचं स्टिकर आणि स्टेंट बसवल्यानंतरचा रक्तप्रवाह दाखवणारी चित्रं नसतील तर क्लेम पुढे सरकत नाही. स्टिकर मी कॅथलॅबमधूनच, म्हणजे स्टेंट बसवतात त्या खोलीतूनच, ताब्यात घेतो, कारण खोकं कचऱ्यात गेलं की ते परत मिळत नाही. डिस्चार्ज कार्डावरचं निदान आणि प्रीऑथमधलं निदान जुळतंय का, हे घरच्यांनीही वाचून पाहावं. तिथल्या विसंगतीवरून सर्वाधिक प्रश्न येतात.

घरी जाताना पुढच्या औषधांबद्दल विचारा. फुले योजनेत डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा मोफत आहे. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्नाची अट नाही. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी आणखी ५ लाखांचं वेगळं संरक्षण मिळतं, पण त्यासाठी आधारवरून वय वंदना कार्ड स्वतंत्र काढावं लागतं. पैसे मागितले गेले तर पावती घ्या आणि १४५५५ वर तक्रार नोंदवा.