तुम्ही विचारलंत म्हणून : आपल्या खान्देशात मोठा भूकंप होतो का?

शिरपूरला भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. जुने विद्यार्थी अजूनही लग्नात, बसस्टँडवर गाठतात आणि हटकून विचारतात, "सर, आपलाकडे मोठा भूकंप व्हस का?"

होतो. झालेलाही आहे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहा रिश्टरच्या वरचा भूकंप झाला. केंद्र खूप खोल होतं, त्यामुळे हादरा लांबवर पोचला. पण किल्लारीसारखा हाहाकार माजला नाही, म्हणून तो कुणाच्या बोलण्यातही उरला नाही. याच पट्ट्यात पूर्वेला २२ मे १९९७ रोजी जबलपूर हादरलं.

आपली तापी पश्चिमेला का वाहते? सातपुड्याच्या अल्याड-पल्याड जमीन जुन्या भेगांवरून खचलेली आहे. त्याच उतारांतून तापी आणि नर्मदा वाट काढतात. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे रेटतोय आणि तो ताण या जुन्या भेगांवरही येतो. चोपड्याजवळ उनपदेवला गोमुखातून गरम पाणी पडतं ना, ते याच खोल फटींतून वर येतं. मुलांना मी तिथे नेऊन धारेखाली हात धरायला लावायचो.

मला काळजी वाटते ती घरांची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३.५६ला किल्लारीत हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आपलं तापीखोरं २००२च्या नकाशात त्याहून जास्त धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात मोडतं. किल्लारीत जीव घेतला तो दगडमातीच्या जाड भिंतींनी. भिंतीची दोन तोंडं, मधे भर, आणि दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. भिंत फुगून फुटली आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, खाली आलं.

आपलं धाब्याचं, म्हणजे तसंच मातीचं छप्पर असलेलं घर याहून किती वेगळं? आमचे वडील दर पावसाळ्याआधी धाब्यावर खारीचा, म्हणजे खाऱ्या मातीचा, नवा थर टाकायचे. जुना कुणी काढत नसे, त्यामुळे डोक्यावरचं ओझं वाढतच जायचं.

२६ जानेवारी २००१ला, भूजच्या भूकंपाच्या दिवशी, झेंडावंदनाहून घरी आलो तर आई अंगणात उभी. मला हाताला धरून आत नेलं. तुळयांच्या फटींतून माती गळून तिच्या अंथरुणावर सरळ रेघ उमटली होती. त्या उन्हाळ्यात आम्ही धाबं उकरलं. चार ट्रॉल्या खारी निघाली. मग गवंड्याला सांगून भिंतींच्या माथ्यावरून चारी बाजूंनी, त्यांना एकत्र बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा फिरवून घेतला.