नववीचा भूगोल, कानांनी

मी समावेशित शिक्षणातली विशेष शिक्षिका आहे. तालुक्यातल्या शाळाशाळांत फिरून दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी मुलांबरोबर काम करते. नववीतल्या एका पूर्ण दृष्टिहीन मुलीला भूगोलाचं पुस्तक हवं होतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून सगळ्यांना मिळणारी मोफत पुस्तकं आठवीला थांबतात. दिव्यांग मुलांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत द्यावीत, असं 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो, म्हणून आम्ही ब्रेल पुस्तकाची मागणी नोंदवली होती. पण एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात आणि त्याला वेळ लागतो. वर्ग काही थांबत नाही.

तोवर तिच्या भावाने नेटवरून पुस्तकाची पीडीएफ फुकट उतरवून फोनवर टाकली. फोनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं टॉकबॅक ती सराईतपणे वापरते. "मॅडम, पुस्तक मिळालं, पण हे ऐका," म्हणून तिने फोन माझ्या कानाला लावला. धड्याऐवजी सुटी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर असं काहीबाही ऐकू येत होतं.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत, येण्याआधी मराठी छपाईसाठी जे फाँट बनले, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. डोळ्यांना 'भूकंप' दिसतो, फाईलच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, आणि टॉकबॅक पोटातलंच वाचतं. कागदावर छापायला हे चालून जातं. ऐकणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ते पुस्तकच नव्हे.

कायदा आमच्या बाजूने होता. 2012 च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा दिव्यांगांसाठी वाचता येण्याजोगी प्रत बनवायला परवानगी देतो. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी 2013 मध्ये झालेल्या माराकेश कराराला सर्वांत आधी मान्यता देणारा देशही भारतच. या गोष्टी शाळांमध्ये फारशा कुणी सांगत नाही, म्हणून मी त्या प्रत्येक बैठकीत सांगते.

भूकंप-ज्वालामुखीचा धडा घेतला. पानांच्या प्रतिमांवरून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, मजकूर काढला आणि ओळ न् ओळ तपासली. मराठीत 'ख'चा हमखास 'रव' होतो. अख्ख्या धड्यात 'ज्वालामुरवी' उसळत होते. रफार उडाले होते, 'घ' आणि 'ध' यांची अदलाबदल झाली होती. मग शीर्षकांना फोनला ओळखू येईल अशी 'हेडिंग'ची खूण लावली, म्हणजे तिला बोटाच्या एका फटकाऱ्यात पुढच्या मुद्द्यावर जाता येईल. छापील पानाचा क्रमांक प्रत्येक पानाच्या सुरुवातीला लिहिला. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण वर्गात शिक्षक "पान काढा" म्हणतात आणि ती नेहमी तिथेच मागे पडायची. ज्वालामुखीच्या छेदाची आकृती शब्दांत उतरवली: तळाशी शिलारसाची कोठी, तिथून वर जाणारी नळी, माथ्यावर मुख, दोन्ही उतारांवर लाव्हा आणि राखेचे एकाआड एक थर.

धडा वर्गात सुरू झाला त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. सरांनी पान सांगितलं. तिने एका कानात इअरफोन घातला होता. शोधात क्रमांक टाकला आणि शेजारणीचं पुस्तक उघडेपर्यंत ती पानावर पोचली होती. एक मुलगा उभा राहून उतारा वाचू लागला. मध्येच ती म्हणाली, "सर, एक ओळ राहिली."

त्या मुलाने पुस्तकात पाहिलं. खरंच राहिली होती. सर म्हणाले, "मग तूच सांग." तिने फोन ऐकत ऐकत ती ओळ मोठ्याने म्हटली आणि तशीच पुढचा परिच्छेदही पूर्ण केला. वर्षानुवर्षं दुसरा वाचेल तेवढंच आणि तसंच तिच्यापर्यंत पोचत होतं. कुणी काय गाळलं हे तिला कळायला मार्गच नव्हता. त्या तासाला पुस्तक तिच्याजवळ होतं, म्हणून तिला ते पडताळता आलं. मला भरून आलं, आणि राग आला तोही तितकाच. आठवीपर्यंतची सगळी वर्षं तिने अशीच काढली होती.

तास संपल्यावर त्याच वर्गातला वाचनात अडखळणारा एक मुलगा ती फाईल मागायला आला. त्याला दिसतं, पण अक्षरं त्याच्यासमोर स्थिर राहत नाहीत. ऐकत ऐकत ओळीवर बोट फिरवलं की त्याला जमतं. कायद्याची सवलत त्यालाही लागू होते, म्हणून त्यालाही दिली.

पाठ्यपुस्तक करणाऱ्या प्रत्येकाने छपाईच्या फाईलसोबत युनिकोडमधली, हेडिंग लावलेली प्रत त्याच दिवशी द्यावी, असं माझं ठाम मत आहे. नव्याने पुस्तक करताना हे काम थोडं असतं. नंतर प्रत्येक तालुक्यात एकेका शिक्षकाने तेच पुन्हा करत बसायचं, हे योग्य नाही. तुमच्या मुलांच्या पुस्तकाची पीडीएफ तुम्हीही तपासू शकता: एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवा. मराठी उमटली, तर फोन ती वाचू शकेल.

भूगोलाचे पुढचे धडे तयार होत आहेत. गणित अवघड आहे, कारण वर्गमूळ आणि अपूर्णांक ओसीआर नीट उचलत नाही. शाळेतले गणिताचे सर आता शनिवारी माझ्याबरोबर बसतात आणि प्रत्येक समीकरण हाताने टाइप करतात.